थ्रूपुट म्हणजे उरक

मागच्या हंगामात आमच्या साखर कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन बसवला. मिलचा वेग, बॉयलरचं प्रेशर, सिरपच्या, म्हणजे आटवलेल्या रसाच्या, टाक्या किती भरल्यात, सगळं एका नजरेत. स्क्रीन मराठीत हवा असा आग्रह धरणाऱ्यांत मीही होतो. रात्रपाळीला तो बघणार तिथली माणसं, आणि त्यांच्या तोंडची भाषा त्यावर नसेल तर एवढा खर्च कशासाठी? भाषांतर बाहेरून करून आलं. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मिल फोरमन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, आपला प्लांट पाच हजारांचा का बेचाळीसशेचा?"

स्क्रीनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'क्षमता : ४,२०० टन'. मूळ इंग्रजीत त्या जागी 'थ्रूपुट' होतं. ज्या माणसाने बावीस हंगाम ती मिल सांभाळली, त्याला रोज सकाळी भिंत सांगत होती की तुझ्या मिलची कुवतच कमी आहे. त्यांचा राग रास्त होता. मी प्रोसेसला, म्हणजे रसाची साखर करणाऱ्या खात्यात, केमिस्ट आहे, शब्दांचं काम माझं नव्हे. पण हा शब्द त्या दिवशी डोक्यात बसला तो बसलाच.

आधी त्या दिवसाचा हिशेब सांगतो. प्लांट ५,००० टीसीडीचा, म्हणजे दिवसाला ५,००० टन ऊस गाळू शकेल असा. ही क्षमता. मिल चालू होती तेव्हा तासाला २१० टनांनी चालली. हा वेग. २१० गुणिले २४ म्हणजे ५,०४०, तेव्हा वेगात काडीचीही कसूर नव्हती. पण मिल चालली २० तास. दोन तास वीस मिनिटं 'नो केन', म्हणजे गव्हाणीत टाकायला ऊसच नाही. एक तास सिरपच्या टाक्या तुडुंब भरल्या म्हणून. चाळीस मिनिटं मिलकडे ऊस नेणाऱ्या कॅरियरची चेन तुटली म्हणून. २१० गुणिले २०, झाले ४,२०० टन. हे थ्रूपुट. तिन्ही आकडे खरे आणि तिन्ही एकाच दिवसाचे. क्षमता यंत्राच्या कागदावर लिहिलेली असते, वेग मीटरवर दिसतो, आणि थ्रूपुट कळायला पूर्ण दिवस सरावा लागतो. त्यात तुटलेली चेन येते, उशिरा आलेली ऊसतोडीची टोळी येते, पलीकडच्या खात्यात अडकलेला पाकही येतो. फोरमनच्या मिलचा त्या चार तासांतल्या चाळीस मिनिटांशी तेवढा संबंध होता.

आता कुणी म्हणेल, साखरधंद्याला यासाठी शब्द आहेच की: गाळप. 'आज गाळप किती?' हा प्रश्न हंगामात आमच्याकडे 'जेवलात का' इतका सहज विचारला जातो. गाळप म्हणजे थ्रूपुट, गाळप क्षमता म्हणजे कपॅसिटी आणि उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. तीन गोष्टींना तीन सुटसुटीत शब्द, आणि गावातला कुठलाही सभासद ते चुकीच्या जागी वापरत नाही. पण स्क्रीनवर थ्रूपुट सात ठिकाणी होतं. मिलवर, रसावर, रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरवर, पाकात दाणा धरवणाऱ्या पॅनवर, दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगलवर, पोती भरण्याच्या काट्यावर आणि यार्डात. पॅनमध्ये काही गाळत नाहीत. पोत्यांचं गाळप होत नाही.

मग मी कागद घेऊन बसलो. 'उत्पादन' लिहिलं आणि खोडलं, कारण सांडपाण्याच्या प्लांटमधून दिवसाला अमुक घनमीटर पाणी जातं, ते थ्रूपुट आहे, पण तिथे आपण काही उत्पादन करत नाही. 'आवक' एकाच दाराची असते. आत आलं ते बाहेर पडलं की नाही हे त्यात नाही. 'उलाढाल' पैशांची, पेढीवरची. 'प्रवाह' नदीला शोभतो. 'निर्गमन' वगैरे शब्द मी लिहूनसुद्धा पाहिले नाहीत; रात्री दोन वाजता कुणी हाक मारून 'निर्गमन किती?' असं विचारेल का?

शब्द मिळाला तो वडिलांमुळे. ते याच भागातल्या एका कारखान्यात पॅनमन होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन पॅन स्टेशनला जायचो. वर लोखंडी जिन्याने चढलं की गोड, जड वाफ तोंडावर यायची. पॅन म्हणजे बंद भलंमोठं भांडं, आत व्हॅक्यूम, त्यामुळे पाक सत्तर अंशांच्या आसपासच उकळतो. वडील पॅनमधून सळी ओढून नमुना काढत, काचेच्या पट्टीवर बोटाने पसरत आणि पट्टी बल्बसमोर धरत. एका डोळ्याने बघत. पिवळट थरात दाणा दिसायचा, वाळूच्या कणासारखा, कडा धरलेला. सगळे दाणे एका आकाराचे असले की ते काही न बोलता पट्टी मला द्यायचे. मी ती चाटायचो.

त्यांच्या पाळीला दुसऱ्या पॅनवर एक गृहस्थ होते. धावपळ मोठी. वाफ पूर्ण सोडायचे, पाक भराभर ओढायचे, वडिलांच्या आधी पॅन तयार करायचे. पण घाईत पाक जास्त घट्ट होऊन मोठ्या दाण्यांमध्ये बारीक नवा दाणा पडायचा, ज्याला आम्ही फॉल्स ग्रेन म्हणतो. तो बारीक दाणा सेंट्रिफ्यूगलच्या जाळीवर मोठ्या दाण्यांच्या फटीत बसतो, मळी नीट सुटत नाही, मशीनला एकेका घाण्याला जास्त वेळ लागतो. नाहीतर पॅनमध्ये पाणी घेऊन तो दाणा पुन्हा विरघळवायचा, म्हणजे जी वाफ खर्चून पाणी उडवलं तेच पाणी परत आत. वडील घरी आईला सांगत होते ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं: "गडी पळतोय लई, पन उरक न्हाई."

उरक! कामाचा उरक. किती काम हातावेगळं झालं हे सांगणारा शब्द, कितीदा हात हलला हे सांगणारा नव्हे. तो माणसाला लागतो, घराला लागतो, कचेरीला लागतो. 'बाईच्या कामाला उरक आहे' म्हणतो तेव्हा ती बाई भरभर चालते असं आपण म्हणत नसतो. दुपारी बारापर्यंत तिच्या हातून किती निघालं ते सांगत असतो.

आणि पुढे मी इंग्रजी शब्दाचं मूळ शोधलं तेव्हा खरंच आनंद झाला. थ्रूपुट मूळचा स्कॉटलंडचा. तिथल्या बोलीत 'थ्रूपिट' असाही उच्चार. १८०८ सालची त्याची नोंद सापडते आणि तिथे अर्थ आहे कामातली तडफ, काम पार पाडण्याची हातोटी. कारखान्यात किती माल आरपार गेला हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, संगणकाचा तर त्याच्याही नंतरचा. म्हणजे शब्द आधी माणसाचा होता, नंतर यंत्राचा झाला. उरक अजून माणसाचाच आहे. तो यंत्राला द्यायला काय हरकत आहे?

एक हरकत आहे आणि ती मी मनाआड करत नाही. 'उरकणे' या क्रियापदाला घाईचा वास आहे. लग्न उरकलं, कार्य उरकून टाकलं, म्हणजे कसंबसं पार पाडलं. वडिलांच्या वाक्यातला उरक आणि हे उरकणं यांत फरक आहे, तरी मूळ एकच. पण खरं सांगायचं तर थ्रूपुटच्या मागे लागलेल्या माणसाला हा धोका असतोच. आमच्याच धंद्यात बघा. गाळप वाढवायचं म्हणून मिल जोरात चालवली की उसावर दाब आणि पाणी पुरेसं बसत नाही, आणि बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, साखर राहून जाते. बगॅस उसाच्या साधारण २८ टक्के धरा. त्यातली साखर ०.३ टक्क्यांनी वाढली तर पाच हजार टनांमागे दिवसाला ४.२ टन, म्हणजे ४२ क्विंटल साखर बॉयलरमध्ये जळून जाते. दुसरीकडे त्या घाईने २०० टन ऊस जास्त गाळला आणि उतारा साडेदहा असला तर २१ टन साखर जास्त दिसते. रोजच्या अहवालात फायदाच. पण कार्यक्षेत्रातला ऊस ठरलेलाच असेल तर ते २०० टन कुठून नवे आले? ते उद्याचे होते. हंगाम चार दिवस आधी संपेल, आणि रोजचे ४२ क्विंटल मात्र कायमचे गेले. अशा वर्षी मी उताऱ्याच्या बाजूने भांडतो आणि मिलवाल्यांशी माझं वाजतं.

उलट २०२१-२२ चा हंगाम आठवा. महाराष्ट्रात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला, साखर १३७ लाख टनांच्या घरात गेली आणि तरी मराठवाड्यात ऊस फडात उभा. कारखाने जूनपर्यंत चालले. शेतकरी रोज शेती खात्याच्या ओट्यावर येऊन बसायचे, तोड कधी देता म्हणून. मे महिन्याच्या उन्हात ऊस वाळतो, तुरा येऊन पोकळ होतो, वजन आणि साखर दोन्ही जातात. त्या वर्षी दर तासाला एक टन जास्त गाळणं म्हणजे कुणाच्या तरी फडातला एक टन वाचवणं होतं. तेव्हा बगॅसमधल्या साखरेवरून मी चकार शब्द काढला नाही. एकच यंत्र, एकच आकडा, पण त्याची किंमत ऊस उरणार की पुरणार यावर ठरते.

त्या चार तासांतला सिरपचा एक तास राहिला, तो सांगतो. आमचा प्लांट पूर्वी ३,५०० चा होता. विस्तार झाला तेव्हा मिल नवी आली, बॉयलर नवा आला, पॅन एकच वाढला. पहिल्या हंगामात मिलने जोर धरला की चार-पाच तासांनी वरून फोन यायचा, 'सिरप टँक फुल, मिल स्लो करा.' मिल हळू करायची, टाकी उतरायची, पुन्हा जोर, पुन्हा फोन. मिलवाले म्हणायचे प्रोसेसवाले काम करत नाहीत. आम्ही तर जेवायला खाली उतरत नव्हतो! दोन हंगामांनी आणखी एक पॅन बसला तेव्हा मिलचं गाळप वाढलं, मिलच्या एका बोल्टलाही हात न लावता. इव्हॅपोरेटरचंही तसंच. त्याच्या नळ्यांमध्ये आतून क्षार बसत जातो, थर जाड होतो, उष्णता कमी शिरते आणि सफाईची तारीख जवळ येईल तसतसा सगळ्या कारखान्याचा उरक दिवसागणिक थोडा थोडा खाली येतो. सफाईनंतर एकदम उसळतो. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. बाहेरच्याला वाटेल पंधरवड्यात माणसं आळशी होतात.

माझी भाची पुण्यात नेटवर्कचं काम करते. दिवाळीत तिला हे सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे रोज हेच भांडण. लोक म्हणतात शंभर एमबीपीएसची लाइन घेतलीय मग फाइल का रांगते?" तिने समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. समजा दहा ट्रॅक्टर लावलेत, प्रत्येकी २० टन ऊस आणतो. फड दहा किलोमीटरवर असेल आणि भरून, आणून, रिकामा होऊन परत फडावर जायला चार तास लागत असतील तर तासाला ५० टन ऊस येईल. फड चाळीस किलोमीटरवर असेल आणि खेपेला आठ तास लागत असतील तर तासाला २५ टन. रस्ता चौपदरी करा, ट्रॅक्टर दहाच असतील तर २५ चे २६ व्हायचे नाहीत. तिच्याकडे ट्रॅक्टरच्या जागी डेटा. जुन्या पद्धतीत पोच आल्याशिवाय एका वेळी ६५,५३५ बाइटच वाटेवर सोडता यायचे. पोच यायला २०० मिलिसेकंद लागत असतील, म्हणजे सेकंदाला पाच खेपा, तर बाइटचे आठ बिट धरून सगळं मिळून २.६ एमबीपीएस. लाइन शंभरची, उरक अडीचचा. म्हणून १९९२ मध्ये ती मर्यादा वाढवायची सोय केली. मी म्हटलं, म्हणजे टोळ्या वाढवल्या. ती म्हणाली, "हो मामा, अगदी तेच."

पैशाच्या बाजूनेही या शब्दाकडे बघणारे आहेत. एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कारखानदारीसाठी थ्रूपुटची व्याख्याच वेगळी केली: विक्रीतून पैसा ज्या दराने येतो तो दर. गोदामात पडलेला माल त्यात धरायचा नाही. ही व्याख्या मी आमच्या गोदामात उभा राहून वाचली असती तर अंगावर काटा आला असता. जून २०१८ पासून साखर किती विकायची याचा दर महिन्याचा कोटा केंद्र सरकार ठरवून देतं. आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, १४ दिवसांत द्यायची. ऊस दिवसाला पाच हजार टनांनी आत येतो, पोती दहा हजारांनी गोदामात थप्पीला लागतात आणि बाहेर जातात कोट्याने. मधलं अंतर बँकेच्या व्याजाने भरायचं. शेतकऱ्याचे पैसे का अडतात हे गावात समजावताना मी हल्ली गाळप सांगतच नाही, गोदामाच्या दारातून महिन्याला किती पोती गेली तेवढं सांगतो.

पण मला या शब्दाची सगळ्यांत जास्त गरज वाटते ती यार्डात. आमच्याकडे बैलगाड्यांची रांग वेगळी असते. गाडीवान बहुतेक बीडकडचे, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात तोड, संध्याकाळी गाडी भरून कारखान्यावर. बायको आणि लेकरं कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर. रात्री यार्डात गेलं की वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, आणि शेणाचा वास, सोडलेले बैल, जुवाखाली अंथरूण टाकून पडलेली माणसं. डिसेंबरात थंडी बोचते. कुणीही साहेब दिसला की प्रश्न एकच, "आमचा लंबर कवा लागंल?" आणि उत्तरही वर्षानुवर्षं एकच, "लागंल, लागंल."

खरं तर याचं नेमकं उत्तर देता येतं. यार्डात २१६ गाड्या असतील आणि तासाला १८ रिकाम्या होत असतील तर एका गाडीला सरासरी १२ तास थांबावं लागणार. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हा साधा हिशेब गणिताने सिद्ध केला आणि तो बँकेच्या रांगेपासून टेलिफोनपर्यंत सगळीकडे लागू पडतो. त्याचं दुसरं टोक फार महत्त्वाचं आहे. मिल तेवढीच चालत असताना शेती खात्याने 'ऊस कमी पडायला नको' म्हणून जास्त तोडचिठ्ठ्या दिल्या, यार्डात ३२४ गाड्या झाल्या, तर गव्हाणीत एक मोळीही जास्त पडणार नाही. फक्त थांबणं १२ तासांवरून १८ वर जाईल. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळायला हवा, नंतर वजन घटतं, साखर फुटते. ते नुकसान कारखान्याचं. आणि ते सहा तास गाडीवानाच्या झोपेतून, बैलांच्या विश्रांतीतून, दुसऱ्या दिवशीच्या तोडीतून जातात. हे मी दोन बैठकांमध्ये मांडलं. दुसऱ्या बैठकीत शेती अधिकाऱ्यांनी वही काढून आकडे उतरवून घेतले, आणि त्या आठवड्यापासून चिठ्ठ्या गाड्यांची रांग बघून निघायला लागल्या.

स्क्रीनवर आता मिलपुढे 'गाळप' आहे आणि बाकी सहा ठिकाणी 'उरक'. फोरमननी एकदा वाचून मान डोलावली, बोलले काही नाहीत. यार्डाच्या काट्यापाशी मी एक फळा लावून घेतला. दर तासाला पोरगा येऊन खडूने लिहून जातो: 'मागच्या तासाचा उरक — १८ गाड्या'. जानेवारीतल्या एका रात्री दहाच्या सुमाराला मी तिथून जात होतो. कानटोपी घातलेला एक गाडीवान फळ्यापुढे उभा होता. त्याने रांगेच्या पुढच्या टोकाकडे बघितलं, ओठांतल्या ओठांत मोजलं, आणि शेजारच्याला म्हणाला, "म्होरं एकशे आठ हायती. आपला लंबर चारला." मग बैलांपुढे वाड्याची पेंढी सोडली, घोंगडं अंगावर ओढलं आणि झोपला.